छातीवरची मेडलं वाचायची कशी?

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला बहुतेक सोसायट्यांत कुणीतरी एक रिटायर्ड फौजी ब्लेझर घालून, मेडलं लावून झेंडावंदनाला येतात. आपण त्यांच्याबरोबर फोटो काढतो, जय हिंद म्हणतो, बटाटेवडा खातो आणि घरी जातो. ती मेडलं कसली आहेत हे कुणी विचारत नाही आणि ते स्वतःहून सांगत नाहीत. मला हे फार खटकतं. ज्याला सातबारा वाचता येतो त्याला त्या जमिनीचा सगळा इतिहास कळतो ना, कुणाकडून आली, बोजा किती, तसंच मेडलांची ओळ ज्याला वाचता येते त्याला समोरच्या माणसाची तीस वर्षं कळतात. आणि हे शिकायला अर्धा तास पुरतो.

आमच्याकडे नवी मुंबईत, कोपरखैरणे, घणसोली भागात तर हे यायलाच हवं. एपीएमसी मार्केटमुळे इथे माथाडी कामगारांची वस्ती, त्यातली कितीतरी घरं सातारा जिल्ह्यातली, आणि साताऱ्याकडे घरटी एक माणूस फौजेत असणं काही नवल नाही. त्याच जिल्ह्यातलं अपशिंगे गाव, ज्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. म्हणजे एक भाऊ मार्केटला, एक भाऊ पलटणीत, आणि पलटणीतला पेन्शनीवर आला की मुलांच्या शिक्षणासाठी इथेच येऊन राहतो, असं आमच्या गल्लीत तीन-चार घरी तरी आहे.

आमच्या सोसायटीत कॅप्टनसाहेब आहेत (नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही). १९८५ साली बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती, २०१३ ला ऑनररी कॅप्टन म्हणून रिटायर. त्यांचीच ओळ समोर ठेवून सांगतो म्हणजे सोपं जाईल.

पहिली गोष्ट, मेडल नेहमी डाव्या छातीवर लावतात. उजव्या छातीवर मेडलं लावलेली बाई किंवा म्हातारा माणूस दिसला तर समजायचं की मेडलं त्यांची स्वतःची नाहीत, घरातल्या गेलेल्या जवानाची आहेत. वीरनारी, वीरमाता उजवीकडे लावतात. हे एवढं जरी माहीत असलं तरी आपण अशा माणसाला "तुम्ही कुठल्या युद्धात होता" असं विचारून बसत नाही.

दुसरी गोष्ट, ओळीला क्रम असतो. सगळ्यात मोठं मेडल छातीच्या मधल्या बाजूला, बटणांजवळ, आणि मग बाहेर हाताकडे जाताना उतरत्या क्रमाने. म्हणून वाचायला सुरुवात बटणांकडून करायची. आणि मेडलांचे ढोबळ तीन प्रकार धरायचे, शौर्याची, मोहिमेची, आणि नोकरीच्या वर्षांची. लोकांचा घोळ इथेच होतो, नऊ मेडलं दिसली की नऊ वेळा पराक्रम केला असं वाटतं. तसं नसतं, बहुतेक ओळींमध्ये शौर्याचं मेडल एक असतं, किंवा नसतंच, आणि बाकीची मेडलं हा माणूस कुठे कुठे होता ते सांगतात.

शौर्याची मेडलं आधी बघू. युद्धात, शत्रूसमोर केलेल्या पराक्रमासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. ही तिन्ही २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली पण लागू धरली १५ ऑगस्ट १९४७ पासून, कारण काश्मीरची पहिली लढाई ४७-४८ मध्येच झाली होती. युद्ध नसताना केलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र. ही १९५२ ला आली तेव्हा अशोक चक्र वर्ग एक, दोन, तीन अशी नावं होती, १९६७ मध्ये आताची नावं मिळाली. आता युद्ध नसताना म्हणजे काही कमी धोक्याचं असं अजिबात समजू नका, काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी समोरासमोर झालेली चकमकसुद्धा सहसा याच बाजूला धरली जाते कारण जाहीर युद्ध नसतं. आणि ही तीन पदकं सैनिक नसलेल्यांनाही मिळतात, २६/११ ला कसाबची बंदूक धरून ठेवणारे आपले तुकाराम ओंबळे, ते पोलीस, त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. तेही सातारा जिल्ह्यातलेच.

परमवीर चक्र आजवर फक्त २१ जणांना मिळालंय आणि त्यातले १४ मरणोत्तर. जिवंतपणी ते मिळालेले पहिले म्हणजे रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्स या फौजेच्या इंजिनिअर तुकडीतले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे जायचे होते आणि रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं पाडून ठेवलेली, वरून गोळीबार चालू. हे सेकंड लेफ्टनंट, ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस जखमी अवस्थेत रस्ता मोकळा करत राहिले. हे मी मुद्दाम सांगतो कारण आपल्याला पराक्रम म्हटलं की बंदूक आणि आरोळीच दिसते, राण्यांचं काम मात्र हाताने सुरुंग काढायचं होतं. पुढे ते मेजर म्हणून रिटायर झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. आणि या चक्राचं डिझाईन ज्यांनी केलं त्या सावित्रीबाई खानोलकर, जन्माने स्वित्झर्लंडच्या, लग्न करून मराठी घरात आलेल्या. चक्रावरचं वज्र त्यांनी दधीची ऋषींच्या गोष्टीवरून घेतलं.

आता कॅप्टनसाहेबांच्या ओळीतलं बटणांजवळचं मेडल. लाल फीत, मधोमध बारीक पांढरी रेघ. हे सेना मेडल. १९६० साली सुरू झालं. एका बाजूला संगीन, दुसऱ्या बाजूला उभा जवान. यात एक मेख आहे जी फौजेबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. सेना मेडल दोन कारणांसाठी मिळतं, एक शौर्यासाठी आणि एक उत्तम सेवेसाठी, पण मेडल तेच, फीतही तीच. नुसतं बघून फरक कळत नाही. फरक कळतो तो सायटेशनवरून, म्हणजे त्या माणसाने नेमकं काय केलं हे लिहिलेला कागद. साहेबांकडे तो लॅमिनेट करून ठेवलेला आहे, कपाटात, साड्यांच्या खाली, काकूंनी ठेवलाय. त्यांचं सेना मेडल शौर्याचं आहे, काश्मीरमधल्या एका चकमकीचं. मी वाचलंय, दोन परिच्छेद आहेत, त्यात तारीख आहे, वेळ आहे, आणि जखमी साथीदाराला किती अंतर ओढत आणलं ते आहे. त्याविषयी साहेब स्वतः काय बोलतात? "होता तो माझ्याजवळ, आणला." एवढंच.

सायटेशन कसं तयार होतं ते समजून घ्या, कारण "मेडल मिळालं नाही म्हणजे काही केलं नसेल" हा गैरसमज त्याने जातो. पलटणीचे सीओ साहेब, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, शिफारस लिहितात, कुणी काय बघितलं ते जोडतात, मग तो कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड असा वर चढत दिल्लीला जातो, प्रत्येक पायरीवर तपासला जातो, काही ठिकाणी एक पायरी खालचं पदक सुचवलं जातं, काही गळतात, आणि शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीने २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत नाव येतं. म्हणजे कुणीतरी बघितलेलं पाहिजे, बघणारा जिवंत राहिलेला पाहिजे आणि त्याने लिहिलं पाहिजे. ज्या रात्री सगळी तुकडीच गेली त्या रात्रीचं कोण लिहिणार? आणि गोंधळही होतात, कारगिलच्या टायगर हिलवर लढलेले योगेंद्र सिंह यादव, वय १९, त्यांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं आणि ते तेव्हा हॉस्पिटलमध्ये बरे होत होते. पुढे तेही ऑनररी कॅप्टन म्हणूनच रिटायर झाले.

कुणाच्या फितीवर छोटंसं कमळाचं पान लावलेलं दिसलं तर ते शोभेचं नाही, त्याचा अर्थ मेन्शन इन डिस्पॅचेस, म्हणजे लढाईच्या अहवालात नाव घेऊन उल्लेख झालाय. ते वेगळं मेडल नसतं त्यामुळे सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. आणि पराक्रम पदक दिसलं तर त्याचा अर्थ हा माणूस शत्रूशी लढताना जखमी झालेला आहे. नाव ऐकून उलटंच वाटतं म्हणून सांगितलं.

मोहिमेची मेडलं हा माझ्या मते सगळ्यात वाचण्यासारखा भाग. यातली साधी खूण अशी की मोठ्या युद्धानंतर सहसा दोन प्रकार काढतात, प्रत्यक्ष लढाईच्या भागात होते त्यांना स्टार, आणि त्या काळात बाकी ठिकाणी तैनात होते त्यांना मेडल. १९६५ चं समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चं पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, १९९९ चं ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. त्यामुळे एखाद्या आजोबांच्या छातीवर पूर्वी स्टार दिसला की सरळ विचारता येतं, आजोबा, बांगलादेशच्या बाजूला होता का तुम्ही? बघा मग कसे बोलायला लागतात.

कॅप्टनसाहेबांकडे ऑपरेशन विजय मेडल आहे, स्टार नाही. दरवर्षी झेंडावंदनाला कुणीतरी उत्साहाने माईकवर त्यांना कारगिलचे हिरो म्हणतं आणि दरवर्षी ते माईक हातात घेऊन पहिलं वाक्य हेच बोलतात की मी कारगिलच्या शिखरांवर नव्हतो, माझी पलटण तेव्हा दुसरीकडे तैनात होती, जे वर होते त्यांच्यातले कितीतरी परत आले नाहीत, त्यांचं नाव मला लावू नका. लोकांना वाटतं साहेब नम्र आहेत. ते अगदी अचूक बोलतायत, दुसरं काही नाही. ज्याला स्टार आणि मेडल यातला फरक माहीत आहे त्यालाच कळतं की हा माणूस न केलेल्या गोष्टीचं श्रेय घेत नाही. आणि मला तर सेना मेडलपेक्षा हे मोठं वाटतं.

त्यांच्या ओळीत सियाचिन ग्लेशियर मेडल आहे. आपली फौज १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूतमध्ये तिथे चढली तेव्हापासून आजपर्यंत तिथे माणसं बसून आहेत, काही चौक्या २०,००० फुटांच्या वर. तिथे गोळीपेक्षा थंडीने, हिमस्खलनाने आणि विरळ हवेने जास्त जवान गेलेत. साहेबांच्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फाने गेलेली आहेत, म्हणून ते पावसाळ्यातसुद्धा चप्पल घालत नाहीत, बूटच. हे मेडल बघितलं तरच त्या बुटाचं कारण कळतं. त्यापुढे सैन्य सेवा मेडल, त्यावर आडवी धातूची पट्टी, जम्मू काश्मीर लिहिलेली. त्या पट्टीला क्लास्प म्हणतात, मेडल तेच पण पट्टीवरून भाग कळतो, कुणाकडे हिमालय असेल, कुणाकडे अंदमान. मग हाय अल्टिट्यूड मेडल, हे उंचावरच्या तैनातीचं.

आणि शेवटी, हाताकडच्या बाजूला, नोकरीच्या वर्षांची. स्वातंत्र्याच्या ५० व्या वर्षाचं, जे तेव्हा नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं, मग २० वर्षांचं, मग ९ वर्षांचं. यांच्यावर फार वेळ घालवायची गरज नाही, फक्त एवढं बघायचं की ३० वर्षांचं नाही आणि २० चं आहे, म्हणजे नोकरी किती झाली त्याचा अंदाज आला.

पैशाचं पण सांगून टाकतो कारण कुजबुज त्याचीच चालते. शौर्य पदकाला केंद्र सरकारचा मासिक भत्ता असतो. २०१७ मध्ये तो दुप्पट झाला तेव्हा परमवीर चक्राला २०,०००, अशोक चक्राला १२,०००, महावीर चक्राला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि शौर्याच्या सेना मेडलला २,००० रुपये महिना असे आकडे ठरले. माणूस गेल्यावर तो पत्नीला चालू राहतो. म्हणजे "मेडलवाल्यांना महिन्याला लाखो मिळतात" असं जे कट्ट्यावर बोलतात त्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

ऑनररी कॅप्टन म्हटलं की काही लोक "म्हणजे खरे कॅप्टन नाहीत ना" असं विचारतात, ते ऐकून माझं डोकं फिरतं. शिपाई, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर अशा पायऱ्या चढून, नोकरीच्या शेवटी, निवडक जेसीओंनाच (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना जेसीओ म्हणतात) ही रँक मिळते. पंचविशीतला कॅप्टन वेगळ्या दाराने येतो, हा माणूस अठ्ठावीस वर्षं चालून आलेला असतो.

आणि असा माणूस आल्या आल्या गल्लीचा पुढारी कसा होतो याचं उत्तर पण त्या पायऱ्यांमध्येच आहे. जेसीओचं कामच मुळी दोन बाजूंच्या मध्ये उभं राहायचं. वर अधिकारी, खाली जवान, जवानाच्या घरी भावकीचं भांडण चालू आहे, बायको आजारी आहे, सुट्टी हवीये, मेस नीट नाही, हे सगळं आधी सुभेदारसाहेबांच्या कानावर येतं. पलटणीत सैनिक संमेलन भरतं, तिथे जवान उभा राहून सीओ साहेबांसमोर अडचण मांडू शकतो, ती लिहून घेतली जाते आणि पुढच्या संमेलनात काय झालं ते सांगितलं जातं. साहेब सोसायटीचे चेअरमन झाल्यावर त्यांनी हेच केलं. मीटिंग सुरू होताना मागच्या वेळचे मुद्दे वाचायचे, प्रत्येकापुढे झालं की नाही झालं, नसेल झालं तर कुणाकडे अडकलंय. पाण्याच्या टाकीच्या गळतीवरून दोन विंग एकमेकांशी बोलत नव्हत्या, त्यांना त्यांनी समोरासमोर बसवलं, आधी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना बोलू दिलं, कुणालाही मध्ये तोंड घालू दिलं नाही. पहाटे पोलीस भरती आणि फौजेच्या तयारीची पोरं त्यांच्यासोबत खाडीकडच्या रस्त्याला पळायला जातात. फी नाही. अट एकच, घरी सांगून यायचं.

पण त्यांचं खरं काम दिसत नाही, ते कागदांचं आहे. आणि हा भाग कुणी समजावून सांगत नाही म्हणून थोडा सविस्तर लिहितो. सैनिक किंवा माजी सैनिक गेल्यावर पत्नीला कुटुंब पेन्शन मिळते. ती किती हे मृत्यू कसा झाला त्यावर ठरतं. साधा मृत्यू असेल तर साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, सुरुवातीच्या काही वर्षांपुरती ५० टक्के. मृत्यूचं कारण नोकरीशी जोडलेलं असेल तर ६० टक्के. लढाईत गेला असेल तर शेवटच्या पगाराइतकी. म्हणजे फाईलवर कारण काय लिहिलंय यावर एका घराचं पुढचं सगळं आयुष्य अवलंबून असतं, आणि त्या घरात तेव्हा कागद वाचायच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

मग नावांचा प्रश्न. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. जवानाने तेव्हा पलटणीत जाऊन लग्नाची नोंद केली, त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात, तिथे माहेरचं नाव पडलं. पुढे आधार कार्ड, बँक सगळं सासरच्या नावाने. तो माणूस जिवंत असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही, तो गेला की त्या बाईला सिद्ध करावं लागतं की ती आणि ती एकच आहेत. घणसोलीच्या एका मावशींचं असंच अडलं होतं. साहेबांनी सहा महिने त्यांच्यासोबत चकरा मारल्या, प्रतिज्ञापत्र, गावच्या ग्रामपंचायतीचा दाखला, लग्नपत्रिका, जुना एकत्र फोटो, सगळं गोळा करून रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोकरीच्या फायली असतात तिथे, पाठवलं. मराठा पलटणींचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. मावशींना मराठीशिवाय भाषा येत नाही आणि फॉर्म हिंदी-इंग्रजीत, त्यामुळे साहेब प्रत्येक रकाना वाचून दाखवायचे आणि मावशींनी हो म्हटल्यावरच पुढे जायचे. मी विचारलं, साहेब तुम्हीच भरून टाका ना पटपट. म्हणाले, "नाही रे, उद्या मी नसलो तर? तिला कळलं पाहिजे कुठे काय लिहिलंय."

अशा कामासाठी पहिलं दार म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे कल्याण संघटक असतात, बहुतेक स्वतः माजी सैनिकच. ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृह, आर्थिक मदत, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार हे तिथून होतं. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला आपण खिशाला छोटा झेंडा टोचून घेतो तो निधी याच कामांकडे जातो. नवी मुंबईकरांनी एक लक्षात ठेवायचं, ऐरोली ते बेलापूर राहात असाल तर तुमचं कार्यालय ठाण्याचं, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगड जिल्ह्यात, त्यांना अलिबागचं लागतं. पत्ता नवी मुंबईचा म्हणून लोक ठाण्याला जातात आणि अख्खा दिवस घालवून परत येतात. उपचारासाठी ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना, पेन्शनसाठी आता स्पर्श ही ऑनलाईन व्यवस्था, तिथे वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो, तो राहिला की पेन्शन थांबते. म्हाताऱ्या माणसांचा अंगठा मशीनवर उमटत नाही तेव्हा चेहऱ्यावरूनही दाखला होतो, मोबाईलवर, आणि हे शिकवायला आमच्याकडची भरतीची पोरं पहाटेच्या रनिंगनंतर आळीपाळीने जातात. ही कल्पना पण साहेबांचीच.

घरात कुणी आजोबा, काका, मामा फौजेतले असतील तर त्यांना बसवून तीन गोष्टी बघून घ्या. डिस्चार्ज बुक (नोकरी संपताना फौजेकडून मिळतं ते पुस्तक) कुठे आहे, त्यात बायकोचं आणि मुलांचं नाव आधारवर आहे तसंच आहे का, आणि सायटेशन असेल तर त्याची कॉपी. आणि मेडल हातात घेऊन त्याची कड उजेडात धरा. मोहिमेच्या मेडलांवर बहुधा कडेला बारीक अक्षरात आर्मी नंबर, रँक आणि नाव ठोकलेलं असतं. तो नंबर वहीत लिहून ठेवा, कारण कागद हरवले, पुरात गेले, माणूस गेला तरी रेकॉर्ड ऑफिस फाईल शोधतं ती त्या नंबरावरून. नुसत्या नावाने विचारलंत तर त्या नावाचे शंभर जवान निघतील.